हळदीचा फोटो, पालकाचा फोटो : कार्यशाळेला पैसे द्यावेत का?

सोनचाफा | २८ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पुण्यात पुढच्या महिन्यात दोन दिवसांची एक कार्यशाळा आहे. विषय झाडापानांच्या रसावर फोटो छापण्याचा. फुलांचा, पानांचा नाहीतर भाजीचा रस कागदाला लावायचा, वर चित्र ठेवायचं आणि उन्हात टाकायचं. याला अँथोटाईप म्हणतात म्हणे. शिवाय थेट झाडाच्या पानावर फोटो उमटवणं (क्लोरोफिल प्रिंट) आणि दुसऱ्या दिवशी सायनोटाईप (निळ्या रंगातली फोटोछपाई). फी ३८०० रुपये, जेवण त्यातच.

मी फोटोग्राफर नाही. बँकेत नोकरी करते, गच्चीत चाळीसेक कुंड्या आहेत, बास. घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, "पालकाचा रस कागदाला फासायला अडतीसशे? मी तुला दहा रुपयांना जुडी आणून देतो." सासूबाई आतून म्हणाल्या, "हळदीचा डाग उन्हात उडतो, हे शिकवायचे पण पैसे घेतात का आता?" हे ऐकून मी चाटच पडले, कारण माहितीपत्रकात पहिला प्रयोग हळदीचाच आहे.

तर मला विचारायचंय की कुणी हे केलंय का? घरी शिकता येतं का? आणि मुख्य म्हणजे ही चित्रं टिकतात का? उन्हात उमटणारी गोष्ट उन्हातच उडणार नाही का?

तिरकस | २८ मार्च, रात्री १०:३१

जेवणात पालकाची भाजी असेल तर रस आधीच काढलेला असणार. सांभाळा.

निळाई | २८ मार्च, रात्री ११:०५

अरे वा, या विषयावर धागा निघेल असं वाटलं नव्हतं. मी चार वर्षं हे उद्योग करतेय, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, दक्षिणेच्या खिडकीच्या ग्रिलवर.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. टिकत नाहीत. सासूबाईंनी एका वाक्यात सगळी पद्धतच सांगितली आहे. वनस्पतीचा रंग उन्हाने उडतो, आपण फक्त तो कुठे उडू द्यायचा आणि कुठे नाही ते ठरवतो. नेहमीच्या फोटोत हायपो नावाच्या रसायनाने चित्र पक्कं करतात, तसा काही उपाय इथे नाही. अल्बममध्ये, अंधारात, कोरड्या जागी ठेवलं तर वर्षानुवर्षं राहतं. भिंतीवर लावलं की हळूहळू जातं.

दुसरं म्हणजे इथे निगेटिव्ह नको, पॉझिटिव्ह हवं. झेरॉक्सच्या दुकानात पारदर्शक शीटवर फोटोची काळी-पांढरी प्रत काढून मिळते. काळा भाग ऊन अडवतो, तिथे रंग राहतो. पारदर्शक भागातून ऊन जातं, तिथे रंग उडून कागद दिसतो. मी पहिल्यांदा कुठेतरी अर्धवट वाचून निगेटिव्ह लावलं होतं आणि माझ्या भाच्याचं बारशातलं भूत तयार झालं होतं.

हळदीची कृती : दोन चमचे हळद, अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिट. हळदीतलं कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून स्पिरिट. दहा-पंधरा मिनिटं ठेवून जुन्या सुती कापडातून गाळायचं. (खिडक्या उघड्या, गॅस बंद!) जाड जलरंगाच्या कागदावर रुंद ब्रशने एक हात, वाळला की दुसरा. हे सगळं सावलीत. मग कागद, त्यावर पारदर्शिका, त्यावर काच, मागे पुठ्ठा, चारी बाजूंनी चिमटे. एप्रिलच्या उन्हात तीन-चार तासांत दिसायला लागतं.

हळद सगळ्यात वेगवान. पालकाला मला चार-पाच दिवस लागतात, बिटाला आठवडा-दीड आठवडा. गोकर्णाने तर मला रडवलंय.

डार्करूमवाला | २९ मार्च, सकाळी ७:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साताऱ्यात माझा स्टुडिओ होता, तीस वर्षं ब्रोमाईड पेपर धुतला. लग्नाच्या सीझनला दिवसा लग्न आणि रात्रभर डार्करूम. ज्यात डेव्हलप नाही, फिक्स नाही, जे भिंतीवर लावता येत नाही, त्याला फोटो कसं म्हणायचं? हे रंग उडवणं आहे. आमच्या वेळी प्रिंट पिवळी पडली तर गिऱ्हाईक पैसे परत मागायचं. आता मुद्दाम पिवळी करायला लोक पैसे भरतात.

तिरकस | २९ मार्च, सकाळी ८:०२

काका, लग्नाच्या फोटोला हळद लागलेली चालते की.

अनुस्वार | २९ मार्च, दुपारी १:२०

@डार्करूमवाला, तुमच्यासाठीच एक गंमत सांगतो. ज्या हायपोवर तुम्ही तीस वर्षं काढलीत, तो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच नोंदवलं होतं. 'फोटोग्राफी' हा शब्द रूढ केला तोही त्यानेच, 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' हे शब्दही त्याचेच. आणि याच माणसाने १८४२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे जो निबंध मांडला, तो वनस्पतींच्या रंगांवर सूर्यकिरणांचा काय परिणाम होतो याबद्दलचा. बागेतली फुलं कुटून, रस कागदाला लावून, त्यावर वर्णपटाचे वेगवेगळे रंग पाडून त्याने शेकडो नोंदी केल्या. सायनोटाईपही त्याच वर्षीचं. तेव्हा हे फोटोग्राफी नाही म्हणणं म्हणजे आजोबांना घरातून बाहेर काढणं.

त्यात त्याचं एक निरीक्षण फार सुंदर आहे. रंग उडवणारे किरण बहुतेकदा त्या रंगाच्या पूरक रंगाचे असतात. म्हणजे पिवळ्या हळदीला मुख्यतः निळे-जांभळे किरण खातात. निळाईताईंचं काम काचेखालीही का होतं, ते यावरून कळतं. काच अतिनील किरण बरेचसे अडवते, पण निळा उजेड आत येतोच.

मेरी सॉमरव्हिल या विदुषीनेही १८४५ मध्ये असेच वनस्पतिरसांचे प्रयोग केले. स्त्रियांना रॉयल सोसायटीचं सदस्यत्व नव्हतं, त्यामुळे ते हर्शेलला लिहिलेल्या पत्राच्या रूपात छापले गेले. सोसायटीत पहिल्या स्त्रिया आल्या त्या थेट १९४५ मध्ये. मोजा किती वर्षं झाली.

निळाई | २९ मार्च, दुपारी १:४८

शंभर. आणि घरात रस काढणारी कोण, हे विचारायलाच नको.

आजी_ऑनलाईन | २९ मार्च, संध्याकाळी ५:१५

सोनचाफाच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि सून घाबरते. तसाच उन्हात टाकायचा, दोन दिवसांत जातो. लाल होतो कारण साबणात खार असतो. आमच्या माहेरी गुरवाच्या घरी कुंकू करायचे ते असंच, हळकुंडं टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवून. लहानपणी पिवळ्याचं लाल होताना बघायला आम्ही मुली तिथे जाऊन बसायचो.

निळाई | २९ मार्च, संध्याकाळी ५:४०

आजी, तुम्ही तर पुढची पायरीच सांगितलीत! छापून झाल्यावर हळदीच्या कागदावर टाकणखाराचं पातळ पाणी फवारतात. उरलेली हळद पिवळ्याची गडद तपकिरी-लाल होते आणि फिकट चित्र एकदम उठून दिसतं. सोनचाफा, दुकानात 'बोरॅक्स' मागा किंवा टाकणखार, एकच आहे. पोटात जाऊ देऊ नका आणि स्वयंपाकाचा चमचा वापरू नका.

मिरजमार्गे | २९ मार्च, रात्री ९:१०

हळद सांगलीची घ्या. इतर जिल्ह्यांत मिळते ती पिवळी पावडर.

वायगावकर | २९ मार्च, रात्री ९:१४

झालं सुरू. अहो, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन सांगलीच्या आधी मिळालंय. कुरकुमीन जास्त म्हणूनच तिचं नाव आहे. सांगलीला बाजार मोठा, हळद आमची मोठी.

मिरजमार्गे | २९ मार्च, रात्री ९:१६

बाजार उगाच मोठा होत नाही भाऊ.

निळाई | २९ मार्च, रात्री ९:५०

भांडा, पण एक खरा मुद्दा सांगते. एकदा सुट्टी हळद आणली, नऊ तास कडक ऊन दिलं, काहीही उडालं नाही. तोच कागद, तीच काच. मग हळकुंडं दळून आणली तर चार तासांत चित्र. त्या सुट्ट्या हळदीत काय होतं ते मी तपासलेलं नाही, पण वरणात घातली नाही एवढं नक्की.

पावणेदोन | ३० मार्च, सकाळी ११:३०

मूळ प्रश्नाकडे येतो. मी अशाच एका कार्यशाळेला गेलो होतो (कुठली ते सांगत नाही). सकाळी दीड तास स्वतःच्या प्रदर्शनाच्या स्लाईड्स. मग हळद लावली तोवर अकरा वाजले, कागद नीट वाळले नव्हते, पारदर्शिका चिकटल्या. साडेतीनला ढग आले. बिटाचं चित्र 'हे बघा, असं दिसतं' म्हणून आधीच तयार करून ठेवलेलं दाखवलं, टीव्हीवरच्या पाककृतीत ओव्हनमधून तयार केक काढतात तसं. माझ्या हातात काय आलं? एक चिकट पिवळा कागद आणि प्रमाणपत्र.

माझ्या मते गोम इथेच आहे. ही कलाच मुळी सावकाशीची. दोन दिवसांत बसतील अशाच गोष्टी कार्यशाळेत येतात, हळद आणि सायनोटाईप. आणि सायनोटाईप वनस्पतीचं नाहीच! फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाईड, दोन्ही बाटलीतली रसायनं. 'पूर्ण निसर्गस्नेही' असं पत्रकावर छापतात तेव्हा मला हसू येतं.

निळाई | ३० मार्च, दुपारी १२:१०

@पावणेदोन, सायनोटाईपबद्दल सहमत. पण एक जोड देते, निळं चित्र आवडत नसेल तर त्याला झाडाकडे आणता येतं. आधी धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात निळा फिका करायचा, मग हिरड्याच्या किंवा चहाच्या काढ्यात बुडवायचं. कागदात उरलेलं लोह आणि हिरड्यातलं टॅनिन मिळून तपकिरी-काळा रंग येतो.

अनुस्वार | ३० मार्च, दुपारी १२:३२

हिरडा आणि लोखंड म्हणजे तर आपली जुनी शाईच की! काही पोथ्यांच्या शाईत हेच गणित असायचं.

शाळामास्तर | ३० मार्च, रात्री ८:००

मंडळी, पानावरच्या फोटोची दुसरी एक पद्धत तुम्ही सगळ्यांनी शाळेत अर्धी करून पाहिलेली आहे. कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, पानाला काळ्या कागदाची पट्टी लावायची, मग ऊन, मग पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन. पट्टीखालचा भाग पांढुरका, बाकी काळा-निळा. आठवलं? प्रकाश पडतो तिथे स्टार्च तयार होतो, याचा पुरावा.

आता काळ्या पट्टीच्या जागी फोटोची निगेटिव्ह लावा. हान्स मोलिश नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच केलं आणि पानावर माणसाचा चेहरा उमटवला. लक्षात घ्या, इथे निगेटिव्हच हवी, निळाईताईंच्या उलट. कारण इथे उजेड रंग उडवत नाही, उजेड पडतो तिथे स्टार्च साठतो आणि आयोडीनने तोच काळा होतो.

मी आठवीच्या वर्गात जास्वंदीच्या पानावर करून पाहिलं. पहिल्या वर्षी नुसता डाग आला. दुसऱ्या वर्षी शाळेच्या घंटेचा फोटो लावला आणि घंटा दिसली! पोरं दोन दिवस माझ्या मागे मागे फिरत होती. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात परीक्षानळी ठेवून तापवा, तीही मोठ्या माणसाने.

तिरकस | ३० मार्च, रात्री ८:२०

शाळेत घंटा सोडून दुसरं काही दिसत नसेल तर मुलांचा दोष नाही सर.

मु_पो_दिंडोरी | ३१ मार्च, पहाटे ५:५०

वाचनमात्र असतो, पण एका गोष्टीसाठी लिहितो. क्लोरोफिल प्रिंटचं मी बघितलं, त्यात पान छापून झाल्यावर हिरवं राहावं म्हणून मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात बुडवतात. मोरचूद मी रोज हाताळतो, द्राक्षबागेत बुरशीवर फवारतो ते बोर्डो मिश्रण त्याचंच होतं, मोरचूद आणि चुना. तुम्ही शहरातली माणसं त्याला निळी खडीसाखर समजाल. समजू नका. लोखंडी बादलीत कालवायचं नाही, तांबं भांड्यावर बसतं आणि बादली भोक पडून जाते. प्लॅस्टिकची बादली घ्या. हातमोजे घाला, डोळ्यांना जपा, उरलेलं गटारात ओतू नका. तांबं माशांना विष असतं.

मोरचुदाने पान हिरवं का राहतं, तेही आमच्या कृषी सहायकाने सांगितलं होतं. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, त्याची जागा तांबं घेतं. तांब्याचा हिरवा लवकर जात नाही.

पावणेदोन | ३१ मार्च, सकाळी ९:२५

बघा, 'वनस्पतीजन्य' म्हणता म्हणता मोरचूद आलाच.

मु_पो_दिंडोरी | ३१ मार्च, सकाळी ९:४०

दादा, आमची द्राक्षंपण वनस्पतीजन्यच आहेत.

लीड्सहून | ३१ मार्च, दुपारी ३:१०

तुमची उन्हाची मोजमापं वाचून डोळे पाणावले. 'पालकाला चार दिवस!' इथे इंग्लंडात मी जुलैमध्ये पालकाचा कागद उन्हात लावला तो ऑगस्टच्या शेवटी काढला, मधले तीन आठवडे पाऊस. चित्र आलं, पण कशाचं ते मलाच आठवत नव्हतं. हर्शेल केंटमध्ये राहून हे करत होता म्हणजे त्याची चिकाटी दंडवत घालण्यासारखी. सोनचाफा, तुमच्याकडे गच्ची आहे, एप्रिल आहे. कार्यशाळेची फी उन्हाला भरा, माणसाला नको.

सोनचाफा | ३१ मार्च, रात्री १०:००

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सासूबाईंना आजींचा नमस्कार पोचवला. त्यांनी टाकणखार घरातच आहे असं सांगून मला गप्प केलं.

मी ठरवलंय : आधी घरी एक करून बघते. जमलं तर जाणार नाही, बिघडलं तर जाईन.

सोनचाफा | ५ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

बिघडलं.

एका कागदावर चट्टे आले, एक खारीने कुरतडला (शेजारी सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या, तिचा अंदाज चुकला असणार), आणि तिसऱ्यात चित्र उमटलं पण दोन-दोन दिसतंय. दर अर्ध्या तासाने पारदर्शिका उचलून बघत होते ना. हातकागदावर हळद लावली तर ती लागल्या लागल्या लालसर झाली. गोकर्णाची फुलं कुटून लावली तर कागदावर हिरवट. काय चुकलं?

निळाई | ५ एप्रिल, रात्री ८:१५

खारीबद्दल सांत्वन. दोन-दोन दिसतंय कारण परत ठेवताना पारदर्शिका सरकली. चिकटपट्टीने तिची एक कड कागदाला बिजागरीसारखी चिकटवा, म्हणजे उचलली तरी त्याच जागी बसते. लाल आणि हिरवट होण्याचं कारण एकच, कागदच अल्कधर्मी आहे. बऱ्याच चांगल्या कागदांत टिकाऊपणासाठी चुनखडी घातलेली असते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे चुनखडी नसलेला कागद मिळतो का विचारा. नाहीतर रसात दोन थेंब लिंबू पिळा. गोकर्णाचा रंग लिंबाने जांभळा-गुलाबी होईल, तो मात्र गृहीत धरा.

डार्करूमवाला | ६ एप्रिल, सकाळी ७:१०

मॅडम, चट्ट्यांचं मी सांगतो. ब्रश एकाच दिशेने फिरवा, कागद थोडा तिरका धरा, आणि ओल्यावर पुन्हा हात फिरवू नका. इमल्शन असो की हळद, हात तोच लागतो.

आणि अनुस्वार, तुमचा आजोबांचा टोला लागला. गेला आठवडाभर माळ्यावरची फिल्म धुण्याची टाकी खाली काढून बसलोय. फुलांचा रस मला जमणार नाही, पण माझ्या पुतणीने सांगितलं की कॉफीत फिल्म डेव्हलप होते. म्हटलं बघू. साधी स्वस्त इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीची पूड. १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या एका संस्थेत स्कॉट विल्यम्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ही कृती काढली, व्हिटॅमिन सी नंतर कुणीतरी घातलं. कॉफीतली आम्लं डेव्हलपरचं काम करतात. वास असा की बायको शेजारी जाऊन बसली. पण निगेटिव्ह आली! दाट, जराशी डागाळलेली, पण आली. इथे नळाचं पाणी २८ अंशांवर, त्यामुळे वेळ कमी करावा लागला. आधी चिकोरीवाली फिल्टर कॉफी वापरली होती ती वाया गेली. फिक्सिंगला मात्र हायपोच वापरला.

तिरकस | ६ एप्रिल, सकाळी ७:३५

काका, 'ज्यात डेव्हलप नाही' म्हणणारे आपणच ना?

डार्करूमवाला | ६ एप्रिल, सकाळी ७:३८

यात आहे. नीट वाच.

सोनचाफा | २१ एप्रिल, रात्री ९:४५

जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण पावणेदोन यांचा प्रतिसाद डोक्यात घेऊनच गेले होते आणि भांडायची तयारी होती.

आम्ही अकरा जण होतो. शिकवणाऱ्या बाईंनी स्लाईड दाखवलीच नाही. साडेआठला हातात ब्रश. सगळ्यांना एकाच पातेल्यातली हळद, एकाच गठ्ठ्यातले कागद. दहा वाजता अकरा फ्रेम एका ओळीत गच्चीवर. आणि दुपारी दीडला उघडल्या तर अकरा चित्रं अकरा तऱ्हेची! एकाचा थर जाड, त्याचं चित्र अजून आलंच नव्हतं. एकीचा इतका पातळ की सगळंच उडालं. माझ्या शेजारच्या मुलाची काच भिंतीच्या सावलीत गेली होती, त्याच्या आजोबांची अर्धी मिशी पिवळी. घरी मी तीन कागद बिघडवले आणि का ते तुम्हाला विचारावं लागलं. तिथे दहा जणांचं बिघडलेलं माझ्या बिघडलेल्याच्या शेजारी पडलं होतं, विचारावं लागलंच नाही. माझ्यापुरते पैसे तिथेच वसूल झाले.

पावणेदोन बरोबर आहेत तेही सांगते. बीट आणि पालक आधी केलेलेच दाखवले. पण बाईंनी शेवटी प्रत्येकाला बिटाचा रस लावलेला एक कागद काळ्या पाकिटात घालून दिला, 'घरी लावा, दहा दिवसांनी बघा' म्हणून. सायनोटाईप वनस्पतीचं नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं. क्लोरोफिलसाठी कर्दळीचं पान होतं, देठाला ओला कापूस आणि वर प्लॅस्टिकची पिशवी, नाहीतर काचेखाली पान उकडून निघतं. एकाने घरून अळूचं पान आणलं होतं, त्यावर पाणीसुद्धा ठरेना. त्याची वडी करा असा ठराव एकमताने झाला. मोरचूद बाईंनीच हाताळला, प्लॅस्टिकच्या टबात, हातमोजे घालून. @मु_पो_दिंडोरी, तुमची आठवण काढली.

मी छापलं ते सासूबाईंचं. त्यांच्या लग्नाआधीचा, एकोणीस वर्षांच्या असतानाचा स्टुडिओतला फोटो. टाकणखाराचं पाणी फवारलं आणि केस, डोळे, कपाळावरचं ठसठशीत कुंकू एकदम लालसर तपकिरी होऊन वर आलं. मी घरूनच दोन कागद जास्त नेले होते, म्हणून दोन प्रती निघाल्या.

आजी_ऑनलाईन | २१ एप्रिल, रात्री १०:२०

हळद आणि टाकणखार म्हणजे ते कपाळावरचं खरोखरचं कुंकूच झालं की गं.

सोनचाफा | २१ एप्रिल, रात्री १०:२६

आजी! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता जाऊन त्यांना सांगितलं.

पावणेदोन | २२ एप्रिल, सकाळी १०:००

माझं नशीब खराब होतं एवढं मान्य करतो. प्रमाणपत्र मिळालं का?

सोनचाफा | २२ एप्रिल, सकाळी १०:१५

नाही. बिटाचा कागद मिळाला.

शाळामास्तर | ४ मे, दुपारी १२:००

बिटाचं काय झालं? मुलांना सांगायचंय.

सोनचाफा | ४ मे, रात्री ९:००

नऊ दिवस लागले. गच्चीतल्या तुळशीच्या पानांची रांगोळी मांडली होती, फोटो नव्हता. गुलाबी कागदावर गडद पानं. थोडी बुरशीही आली, कारण रस लावल्यावर पाकिटातच दोन दिवस ओलसर राहिला होता. ती मला आवडली आहे. सासूबाईंनी त्यांची एक प्रत हट्टाने हॉलमध्ये लावली. मी किती सांगितलं की उडेल. "उडू दे, दुसरी आहे ना कपाटात," म्हणाल्या. दुसरी त्यांच्या शालूच्या घडीत आहे.

डार्करूमवाला | ५ मे, सकाळी ७:००

दोन्हीचं स्कॅन करून ठेवा. गिऱ्हाईक पैसे परत मागायच्या आत.

सोनचाफा | ९ ऑगस्ट, रात्री ८:४०

धागा वर काढतेय. हॉलमधल्या चित्रात आता साडीचे काठ गेलेत, गळ्यातलं जवळपास गेलंय. केस आणि कुंकू दिसतंय. कपाटातलं जसंच्या तसं आहे. स्कॅन केलंय, काका.

जूनमधल्या जांभळांचा रस फ्रीजरमध्ये ठेवलाय, निळाईताईंना त्यावर विचारायचं आहे. आणि आमच्या यजमानांनी स्वतःच्या जुन्या स्कूटरचा फोटो पारदर्शिकेवर काढून आणलाय. पालकावर छापायचाय म्हणे. आज दोन जुड्या घेऊन आले, आणि पाऊस कधी थांबतो याची गॅलरीत उभं राहून वाट बघतायत.

तिरकस | ९ ऑगस्ट, रात्री ८:५२

जुडी दहालाच मिळाली का?

सोनचाफा | ९ ऑगस्ट, रात्री ८:५५

तीसला. श्रावण आहे.